सरकारी इंग्रजीतील एकवचन आणि अनेकवचन

दिल्लीच्या सरकारी कार्यालयांत इंग्रजीची जी चेष्टा चालते, तिचा रोख बहुधा अनेकवचनावर असतो. कोणी 'फर्निचर्स' लिहिले, कोणी 'स्टाफ्स' लिहिले, कोणी 'इन्फर्मेशन्स' मागविल्या, की ती टिपणी चहाच्या वेळी हातोहात फिरते. महाराष्ट्रातून किंवा बिहारमधून आलेला, मातृभाषेतून शिकलेला अधिकारी अशा वेळी ओशाळतो आणि पुढे आयुष्यभर शब्दाच्या शेवटी 'एस' लावताना बिचकतो. माझे मत असे आहे की हसण्याजोग्या या चुकांना आपण अवाजवी महत्त्व देतो आणि वचनाच्या ज्या चुकांमुळे माणसाचा हक्क जाऊ शकतो, त्यांच्याकडे आपले लक्षच नसते. 'फर्निचर्स'मुळे कोणाचे निवृत्तिवेतन अडत नाही. मात्र 'अधिकारी' हा शब्द इंग्रजीत नेताना एकवचनी ठेवावा की अनेकवचनी, यावर आदेशाचा अर्थ पुष्कळदा अवलंबून असतो. म्हणून हा विषय व्याकरणाचा जितका आहे तितकाच प्रशासनाचा आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत वचन नाही असे कोणी म्हणणार नाही. पत्र–पत्रे, मुद्दा–मुद्दे, मागणी–मागण्या ही रूपे आपण सहज वापरतो. पण प्रशासनात ज्या नामांचा वावर सर्वाधिक, त्यांच्यापैकी बहुतेकांची दोन्ही वचनांतील रूपे एकच आहेत. एक अर्ज, शंभर अर्ज. एक आदेश, दहा आदेश. ठराव, निर्णय, विभाग, नियम, कर ही सगळी याच जातीची. माणसांचेही तसेच : अधिकारी, कर्मचारी, लाभार्थी, उमेदवार, अर्जदार, सचिव, आयुक्त, मंत्री. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या 'वस्तू व सेवा करा'च्या नावात 'वस्तू' एक की अनेक आणि 'सेवा' एक की अनेक, हे मराठी नामांवरून कळत नाही. इंग्रजीला मात्र 'गुड्स' आणि 'सर्व्हिसेस' असे स्पष्ट लिहावे लागते.

मग मराठी माणसाला संख्या कळते कशी? क्रियापदावरून आणि विशेषणावरून. 'अर्ज आला' आणि 'अर्ज आले' यांत गोंधळ नाही. अडचण येते ती क्रियापद नसते तेव्हा, आणि सरकारी लेखनात क्रियापद नसलेल्या जागा पुष्कळ असतात. विषयाची ओळ, तक्त्याचा मथळा, नमुन्यातील रकाना, नस्तीवरील नाव या सर्व ठिकाणी नाम एकटेच उभे असते आणि संख्येविषयी काही सांगत नाही.

विभक्तीचा प्रत्यय लागला की संख्या दिसते, पण ती एका टिंबावर तोललेली असते. 'कर्मचाऱ्याचे वेतन' म्हणजे एकाचे, 'कर्मचाऱ्यांचे वेतन' म्हणजे अनेकांचे. मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ पासून रूढ झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत या अनुस्वाराला स्वतंत्र स्थान दिले आहे ते योग्यच आहे. मात्र तोच नियम आदरार्थी बहुवचनालाही लागू होतो. 'सचिवांच्या मान्यतेने' या शब्दांत सचिव एक असून आदराने उल्लेखिलेले आहेत, की दोन विभागांचे दोन सचिव आहेत, हे मराठी वाक्य सांगत नाही. घरात 'बाबा आले', कार्यालयात 'साहेब आले', मंत्रालयात 'मंत्री आले' : या सर्व ठिकाणी अनेकवचन हे मोजणीचे चिन्ह नसून मानाचे चिन्ह असते.

इंग्रजी नामाला ही सोय नाही. तिथे नामाचे अनेकवचन केवळ संख्या सांगते, मान सांगत नाही. त्यामुळे 'सचिवांची मान्यता' इंग्रजीत नेणाऱ्याला एका सचिवाची मान्यता पुरेशी आहे की सर्व संबंधित सचिवांची हवी, हे ठरवावेच लागते. हे ठरविण्याचा अधिकार भाषांतरकाराचा नव्हे. मूळ टिपणी लिहिणाऱ्याने ते ठरविलेले असले पाहिजे. प्रत्यक्षात पुष्कळदा ते कोणीच ठरविलेले नसते, आणि इंग्रजी मसुदा टंकित करणाऱ्याच्या बोटांवर तो निर्णय सोपविला जातो.

या गोष्टीला राज्यघटनेचेही एक परिमाण आहे. अनुच्छेद ३४८ नुसार, संसदेने कायद्याने अन्यथा तरतूद करीपर्यंत, अधिनियम, नियम व आदेश यांचा प्राधिकृत पाठ इंग्रजीतील असतो. राज्याने आपल्या भाषेत अधिनियम केला तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर हाच त्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे मराठीत मोघम राहिलेली संख्या इंग्रजीत निश्चित होते आणि न्यायालयाच्या हातात ती निश्चित झालेली संख्या पडते.

दिल्लीत काम करणाऱ्या मराठी माणसाला वाटते की मधला पूल हिंदीचा आहे. या बाबतीत हिंदीची मदत अर्धीच होते. 'कर्मचारियों का' यात संख्या ठळक दिसते हे खरे, पण प्रत्यय नसताना हिंदीतील 'अधिकारी'ही दोन्ही वचनांत सारखाच. म्हणून तर रेल्वे स्थानकावर 'यात्रीगण' म्हणावे लागते. मराठीतही 'वृंद' आणि 'वर्ग' हे शब्द याच कामासाठी आहेत, आणि 'कर्मचारीवर्ग' हा शब्द मनात ठेवला तर 'स्टाफ'ला 'एस' का लागत नाही हे आपोआप उमगते. एका कार्यालयाचा कर्मचारीवर्ग एकच असतो.

न मोजता येणाऱ्या इंग्रजी नामांच्या बाबतीत मातृभाषा कधी तारते, कधी फसवते. 'माहिती' आपण एकवचनातच वापरतो. 'माहिती मिळाली' असेच म्हणतो. त्यामुळे 'इन्फर्मेशन' एकवचनी ठेवणे मराठी माणसाला जड जाऊ नये. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या इंग्रजी नावातही ते एकवचनीच आहे. याउलट 'पुरावे' आणि 'सल्ले' ही आपली रोजची अनेकवचने, आणि त्यांच्या ओढीने 'एव्हिडन्सेस' आणि 'अ‍ॅडव्हायसेस' लिहिले जाते. इंग्रजीत पुरावा हा ढिगासारखा मानला आहे. त्यातील एकेक वस्तू मोजायची तर 'पीस' किंवा 'आयटम' असा मापाचा शब्द आधी घालावा लागतो. आपण 'दोन तांदूळ आणले' असे न म्हणता 'दोन किलो तांदूळ' म्हणतो, तसेच हे आहे. या चुका सुधाराव्यात, पण त्यांचे भय बाळगू नये. वाचणाऱ्याला अर्थ कळतोच.

भय बाळगावे ते अशा शब्दांचे, ज्यांच्यात एका 'एस'ने अर्थ बदलतो. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, 'डॅमेजेस' म्हणजे नुकसानभरपाई. 'कॉस्ट' म्हणजे खर्च, न्यायालयीन 'कॉस्ट्स' म्हणजे दाव्याचा खर्च जो एका पक्षाने दुसऱ्याला द्यायचा. 'मिनिट' म्हणजे घड्याळाचे मिनिट किंवा वरिष्ठाची टिपणी, 'मिनिट्स' म्हणजे बैठकीचे इतिवृत्त. 'कस्टम' म्हणजे रूढी, 'कस्टम्स' म्हणजे सीमाशुल्क. 'सिक्युरिटी' म्हणजे सुरक्षा किंवा तारण, 'सिक्युरिटीज' म्हणजे रोखे. कंत्राटाच्या मसुद्यात ठेकेदार 'डॅमेज' देईल असे लिहिले तर तो नुकसान पोहोचवील असा अर्थ निघतो, आणि ते तर तो न सांगताही करू शकतो.

आता कायदा जाणणारे वाचक म्हणतील, की एवढी चिंता कशाला? १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम १३ आहेच. एकवचनी शब्दांत अनेकवचनाचा आणि अनेकवचनी शब्दांत एकवचनाचा समावेश होतो, असे ते सांगते. अनुच्छेद ३६७ ने हाच अधिनियम घटनेच्या अर्थनिर्णयासाठीही लागू केला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९ मध्ये असाच नियम होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे.

हे कलम उपयुक्त आहे यात शंका नाही. प्रत्येक वाक्यात 'व्यक्ती किंवा व्यक्तींनी' असे लिहिण्याच्या शिक्षेतून त्याने मसुदाकारांची सुटका केली आहे. परंतु त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, ते केंद्रीय अधिनियमांना व विनियमांना लागू आहे. कोणत्याही अधिनियमाच्या आधाराविना, निव्वळ कार्यकारी अधिकारात काढलेले परिपत्रक किंवा कार्यालयीन ज्ञापन त्याच्या छत्राखाली येत नाही. दुसरी मर्यादा त्या कलमातच लिहिलेली आहे : विषयात किंवा संदर्भात काही विसंगत नसेल तरच हा नियम लागू होतो. संदर्भ काय म्हणतो हे मसुदा लिहिणारा ठरवीत नाही. ते वर्षांनंतर न्यायालय ठरवते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात सापडते. कलम २(क) मधील औद्योगिक विवादाची व्याख्या अनेकवचनी होती : मालक आणि कामगार यांच्यामधील विवाद, म्हणजे 'एम्प्लॉयर्स' आणि 'वर्कमेन'. समजा एकाच कामगाराला बडतर्फ केले आणि त्याच्या पाठीशी ना संघटना, ना सहकारी. त्याचा विवाद औद्योगिक विवाद ठरतो काय? १९५६ मध्ये, नागपूरच्या एका मोटार वाहतूक कंपनीतील बडतर्फ कामगाराच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची चर्चा केली. ते प्रकरण स्वतः मध्यप्रांत-वऱ्हाडच्या प्रांतिक अधिनियमाखालचे होते. पण केंद्रीय अधिनियमाविषयी न्यायालयाने जे म्हटले त्याचा आशय असा, की व्याख्येचे शब्द एकट्या कामगारालाही सामावून घेण्याइतके रुंद आहेत, तथापि अधिनियमाची एकंदर रचना कामगारांच्या समूहाचे हक्क डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसते. एकट्याचा विवाद संघटनेने किंवा पुरेशा सहकाऱ्यांनी उचलून धरला तरच तो औद्योगिक विवाद होऊ शकेल. १९५७ मध्ये उत्तर प्रदेशातील एका वृत्तपत्र कंपनीच्या प्रकरणातही हीच दिशा कायम राहिली.

यात न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की ज्याला संघटनेचा आधार नाही, त्याला त्या काळात कोणते दार उघडे होते? संसदेला अखेरीस १९६५ मध्ये कलम २-अ घालावे लागले. एका कामगाराला कामावरून काढल्यास, दुसरा कोणीही कामगार वा संघटना त्यात पक्षकार नसली तरी, तो औद्योगिक विवाद मानला जाईल, असे त्या कलमाने स्पष्ट केले. १९४७ ते १९६५ ही अठरा वर्षे होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने एकट्या कामगाराचा असा विवाद थेट व्याख्येतच घेतला आहे. अनेकवचनात एकवचन आलेच, असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक मसुदाकाराने हा इतिहास लक्षात ठेवावा.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे, आणि त्यात दिल्लीचाही वाटा आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम ५४ प्रमाणे घर विकून झालेला भांडवली लाभ दुसऱ्या निवासी घरात गुंतविला तर करातून सूट मिळे. मूळ शब्द होते 'अ रेसिडेन्शिअल हाउस'. हे 'अ' म्हणजे एकच घर काय? कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटले की हे 'अ' संख्या दाखविण्यासाठी नाही, इमारत निवासी स्वरूपाची असावी एवढेच ते सांगते. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही, एकाच इमारतीत अनेक स्वतंत्र मजले असले म्हणून सूट नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. दिल्लीत जुने घर पाडून बांधकाम व्यावसायिकाकडून मजले बांधून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे, त्यामुळे हा प्रश्न कितीतरी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा होता. २०१४ च्या वित्त अधिनियमाने मग 'अ' काढून 'वन' घातले. २०१९ मध्ये, लाभ दोन कोटी रुपयांपर्यंत असल्यास, आयुष्यात एकदा दोन घरांची मुभा देण्यात आली.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. 'अ रेसिडेन्शिअल हाउस' म्हणजे 'एक निवासी घर'. 'वन रेसिडेन्शिअल हाउस' म्हणजेही 'एक निवासी घर'. संसदेने केलेली ती दुरुस्ती सरळ मराठीत आणली तर काहीच बदललेले दिसणार नाही! तिचा अर्थ आणायचा तर 'एकच' म्हणावे लागेल. आपल्या भाषेत साधन नाही असे मुळीच नाही. ते साधन 'च' मध्ये आहे, आणि ते वापरायचे की नाही हे आधी ठरवावे लागते.

तिसरे उदाहरण सर्वांत उंच स्थानावरचे आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी अनुच्छेद २१७ मध्ये 'भारताचे मुख्य न्यायमूर्ती' यांच्याशी विचारविनिमय आवश्यक ठरविला आहे. इंग्रजी पाठात ते पद एकवचनी आहे. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना, या विचारविनिमयात अनेक न्यायाधीशांचे मत अभिप्रेत आहे आणि मुख्य न्यायमूर्तींचे एकट्याचे वैयक्तिक मत पुरेसे नाही, असे सांगितले. आज आपण ज्याला न्यायवृंद म्हणतो, त्याची रचना या अर्थनिर्णयावर उभी आहे. हा अर्थ बरोबर की चूक यावर विद्वानांत वाद आहेत. त्यात मी शिरत नाही. एका एकवचनी पदनामात किती माणसे मावतात, हा देशातील सर्वोच्च नेमणुकांचा प्रश्न होऊ शकतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

मग रोजच्या कामात करावे काय? माझ्या दृष्टीने चार सवयी पुरेशा आहेत.

पहिली : इंग्रजी नाम लिहिण्यापूर्वी मराठी नामाला मनात क्रियापद लावून पाहावे. 'अर्ज मागविण्यात येत आहेत' असे म्हटले की 'अ‍ॅप्लिकेशन इज इन्व्हायटेड' लिहिण्याची चूक होणारच नाही. आपली भाषा संख्या लपविते तशी ती उघडही करते, फक्त तिला पुरे वाक्य बोलू द्यावे लागते.

दुसरी : पदनामाच्या बाबतीत आदर बाजूला ठेवून डोकी मोजावीत. सचिव, आयुक्त, सक्षम प्राधिकारी यांचा उल्लेख आला की समासात आकडा लिहावा : एक, दोन की सर्व. मराठी टिपणीतच 'दोन्ही विभागांच्या सचिवांची' किंवा 'यांपैकी कोणत्याही एका सचिवांची' असे लिहिले तर इंग्रजीत चूक होण्यास वावच राहत नाही.

तिसरी : हक्क देणारे किंवा कर्तव्य लादणारे वाक्य शक्यतो एकवचनात लिहावे. 'लाभार्थ्यांना शिलाई यंत्र देण्यात येईल' या वाक्याने गटाला एक यंत्र मिळते की प्रत्येकाला, हे कळत नाही, आणि इंग्रजी अनेकवचनानेही कळत नाही. मराठीत 'प्रत्येकी' हा नेमका शब्द आहे, 'आपापले' आहे, 'ज्याने त्याने' आहे. इंग्रजीत हे काम 'ईच' आणि एकवचनी नाम करतात : 'ईच बेनिफिशिअरी'. 'ऑल बेनिफिशिअरीज' म्हणजे सगळे मिळून असाही अर्थ निघू शकतो. अनेकवचन राखून ठेवावे ते खरोखर समूहाने करायच्या गोष्टींसाठी : सदस्य निवड करतील, भागीदार संयुक्तपणे जबाबदार राहतील.

चौथी : कलम १३ आपल्या बचावाला येईल असे धरून लिहू नये. ते अडचणीत सापडलेल्या वाचकासाठी आहे, आळशी लेखकासाठी नाही.

हे सारे केवळ सरकारी नोकरांसाठी आहे असे वाचकांनी समजू नये. गुरुग्राम आणि नोएडातील कंपन्यांत काम करणारी, परदेशी स्थायिक झालेली आपली मंडळी दिवसभर इंग्रजीतच करार, निविदा आणि सूचना लिहितात. भाडेकरारातील 'टेनंट' एक की दोन, संयुक्त नावावरील सदनिकेच्या मालकांपैकी मत कोणी द्यायचे, विमापत्रातील 'डिपेंडंट' किती, हे प्रश्न घरोघरी येतात. महाराष्ट्राबाहेर राहणारा मराठी माणूस दोन भाषांत विचार करतो ही त्याची उणीव आहे असे त्याला उगाच वाटत राहते. या बाबतीत तर ती त्याची जमेची बाजू आहे. ज्याला एकच भाषा येते त्याला 'अ' आणि 'वन' यांतील फरक क्वचितच खुपतो. मराठीत 'एक' लिहिताना अडखळणाऱ्याला तो लगेच दिसतो. हे अडखळणे लाज वाटून घाईने ओलांडू नये. तेथे थांबून वाक्याला विचारावे की यात माणसे किती आहेत, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.